नाव स्वतःचे, मत स्वतःचे

येत्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेला शंभर वर्षे पूर्ण होतील. ५ ते ८ जानेवारी १९२७ या चार दिवसांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात या परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि अध्यक्षस्थानी होत्या आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. कोणत्याही राजकीय पक्षाच्या दावणीला न बांधता स्त्रियांचे शिक्षण, कायद्यातील हक्क आणि मताधिकार यांसाठी झटणारी ही संस्था. सयाजीराव महाराजांच्या गोष्टी आपल्या घराघरांत सांगितल्या जातात, महाराणींचे हे काम मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्याची उजळणी करावी असे आम्हाला वाटले.

प्रथम एका गैरसमजाबद्दल. रावपुऱ्यातल्या टॉवरला चिमणाबाईंचे नाव आहे, पण त्या या महाराणी नव्हेत. टॉवर १८९६ मध्ये बांधला गेला तो महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ. तंजावरहून आलेल्या त्या लक्ष्मीबाई सासरी चिमणाबाई झाल्या आणि १८८५ मध्ये अकाली वारल्या. त्यानंतर देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई महाराणी होऊन आल्या. त्यांनाही चिमणाबाई हेच नाव मिळाले. एका नावाच्या दोन राण्या आणि दोघींचीही माहेरची नावे मागे पडलेली. ही नावाची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी परिषदेच्या दहा वर्षे आधीच सुरू झाली होती. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असता सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. पुरुषांना मत देताना जे निकष लावाल तेच आम्हालाही लावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या शिष्टमंडळात डॉ. नागूताई जोशी या मराठी डॉक्टर होत्या. पुढे ग्वाल्हेरच्या राजवाडे घराण्यात विवाह झाल्यावर त्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे म्हणून ओळखल्या गेल्या आणि परिषदेच्या कामात अग्रभागी राहिल्या. १९३९ मध्ये राष्ट्रीय नियोजन समितीने नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रियांच्या स्थानावर उपसमिती नेमली, तिच्या अध्यक्षाही त्याच.

मागणी लगेच मान्य झाली नाही. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने हिंदी समाज यासाठी तयार नाही असे म्हणून नकार दिला. हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनपर्यंत जाऊन साक्ष देऊन आल्या. शेवटी १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि त्याच वर्षी मुंबईने स्त्रियांना मत दिले. मुंबई इलाख्यातील चळवळीत रमाबाई रानडे पुढे होत्या. कुर्लेकरांच्या यमुनेची रानड्यांच्या घरात रमाबाई झाली, हेही जाता जाता नोंदवू. मत मिळाले खरे, पण मालमत्तेची अट पुरुषांसारखीच होती. आपल्या समाजात मालमत्ता बाईच्या नावावर कितीशी असायची! त्यामुळे मतदार झालेल्या स्त्रिया मूठभरच.

या पार्श्वभूमीवर परिषद जन्माला आली. बंगालच्या शिक्षण खात्याच्या संचालकांनी, ओटन साहेबांनी, एका समारंभात म्हटले होते की मुलींना कसे शिक्षण हवे ते स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे. मार्गारेट कझिन्स या मूळच्या आयरिश बाईंनी ते मनावर घेतले. मायदेशी मताधिकाराच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगलेला होता. १९२६ मध्ये त्यांनी देशभर पत्रे धाडली, ठिकठिकाणी स्त्रियांच्या सभा झाल्या आणि त्यांचे प्रतिनिधी पुण्याला जमले. परिषदेच्या संघटक सचिव झाल्या कमलादेवी चट्टोपाध्याय. त्या नुकत्याच मद्रास कायदेमंडळाची निवडणूक लढवून थोडक्या मतांनी हरल्या होत्या.

अध्यक्षपद चिमणाबाईंकडे गेले ते केवळ त्या राणी होत्या म्हणून नव्हे. १९११ मध्ये भारतीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सहलेखकासह इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला होता. राजघराण्यातील पडदा त्यांनी स्वतः बाजूला सारला होता. शिवाय पाठीशी बडोद्याचा अनुभव होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला, मुलग्यांना तसाच मुलींनाही. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा बडोद्याने १९०४ मध्येच केला होता.

पहिल्या अधिवेशनाचा विषय फक्त शिक्षण होता. पण शिक्षणाचा धागा ओढला की बाकीचे सगळे आपोआप पुढे येते. मुलगी शाळेतून का उठते? लवकर लग्न होते म्हणून. मग बालविवाहाविरुद्ध कायदा हवा, आणि कायदा हवा तर कायदेमंडळात आपले म्हणणे ऐकले जायला हवे. परिषदेने बालविवाह प्रतिबंधासाठी जोर लावला आणि १९२९ मध्ये शारदा कायदा झाला. त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले, तेही परिषदेच्याच प्रयत्नांतून.

परिषदेने पक्षीय राजकारणापासून दूर राहायचे ठरवले होते. आम्हा सरकारी नोकरांना हे चटकन कळते. आम्हाला कोणत्याही पक्षाचा प्रचार करता येत नाही, पण निवडणुकीचे काम आले की याद्या, केंद्रे, पेट्या हे सारे आमच्याच हातून जाते. पक्षात नसणे म्हणजे राजकारणाशी देणेघेणे नसणे असे नव्हे. काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्या, संस्थानांच्या राण्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या पत्नी, हिंदू, मुसलमान, पारशी अशा सगळ्या जणी एका मांडवाखाली बसायच्या असतील तर पक्षाचा झेंडा बाहेर ठेवावाच लागतो. दुसऱ्याच वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भोपाळच्या बेगमसाहेबांनी भूषवले, ते अशा मांडवातच शक्य होते.

अमेरिकेतही याच सुमारास अशीच एक संस्था उभी राहिली. १४ फेब्रुवारी १९२० रोजी शिकागो येथे लीग ऑफ विमेन व्होटर्स, म्हणजे स्त्री-मतदारांचा संघ, स्थापन झाला. कॅरी चॅपमन कॅट यांची ती कल्पना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील घटनेची एकोणिसावी दुरुस्ती संमत होऊन लिंगावरून मत नाकारणे बंद झाले. मत मिळाले, आता घरी बसू, असे त्या म्हणाल्या नाहीत. नावनोंदणी करायची, प्रश्न समजावून सांगायचे आणि कोणत्याही उमेदवाराची किंवा पक्षाची तळी उचलायची नाही, हा त्या संघाचा शिरस्ता शंभर वर्षांनंतरही चालू आहे. १९७३ पासून पुरुषांनाही तिथे सभासद होता येते. हक्क कागदावर आला की काम संपत नाही, हे तिथल्या आणि इथल्या बायकांनी सारखेच ओळखले होते.

आपल्याकडे मात्र हक्क कागदावर यायलाच अजून अवकाश होता. गोलमेज परिषदांच्या काळात, १९३१ मध्ये, महिला परिषदेसह तीन स्त्री-संघटनांनी एकत्र निवेदन दिले. प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत द्या, राखीव जागा नकोत, वेगळे मतदारसंघ नकोत. यावर सगळ्यांचे एकमत होते असे नाही. पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेल्या बेगम शाहनवाझ आणि राधाबाई सुब्बरायन यांचे मत वेगळे होते. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे म्हटली पाहिजे. परिषदेतील बहुतेक बायका सुशिक्षित, सुखवस्तू घरांतल्या होत्या, शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तिचा आवाज क्वचितच पोहोचे. तरीही त्यांनी मागितले ते फक्त आपल्यासारख्यांसाठी नव्हे, ते शेतातल्या बाईसाठीही होते. हे त्यांचे मोठेपण.

सरकारने दिले ते निराळेच. १९३५ च्या कायद्याने सुमारे साठ लाख स्त्रियांना मत मिळाले, पण त्यातील मोठा भाग नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. मतदार कोण, तर अमक्याची पत्नी किंवा तमक्याची विधवा. मत हातात आले, मात्र ते नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून.

हा आधार काढून टाकण्याचे काम स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर झाले आणि त्यातही बडोद्याचा वाटा आहे. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता १९४५-४६ मध्ये परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या काळात परिषदेने भारतीय स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद तयार केली. पुढे त्या घटना समितीत गेल्या आणि डिसेंबर १९४६ मध्ये तिथे त्यांनी स्पष्ट सांगितले की स्त्रियांनी कधी सवलती मागितल्या नाहीत, न्याय मागितला. याच हंसाबेन १९४९ मध्ये आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार आला. मालमत्ता, शिक्षण, नवरा, सगळ्या अटी गेल्या.

आणि मग नावाची गोष्ट समोर आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घरोघरी फिरून याद्या करताना लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. परक्या पुरुषाला नाव कसे सांगायचे? म्हणून अमक्याची आई, तमक्याची बायको, अशाच नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूमिका घेतली की नाव ही मतदाराची ओळख आहे, नावाशिवाय नोंद राहू शकत नाही. नावे दुरुस्त करून घ्यायला संधी दिली गेली, बिहारमध्ये मुदतही वाढवली गेली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून वगळावी लागली. बहुतेक प्रकरणे बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतली. मध्य भारत म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर, जिथे आपल्यापैकी कितीतरी जणांचे मामा, आत्या, मावश्या राहतात.

सेन यांचा निर्णय तेव्हा अनेकांना कठोर वाटला. आज याद्यांचे काम करताना आम्हाला तो बरोबर वाटतो. अमक्याची बायको म्हणून नोंद चालवून घेतली असती तर तीच वहिवाट पडली असती. एक निवडणूक काही लाख बायकांची हुकली, पण पुढच्या याद्यांत त्यांना स्वतःचे नाव सांगावे लागले आणि त्यांनी ते सांगितले.

आपल्या समाजाला यावर हसण्याचे कारण नाही. हळदीकुंकवाला आपल्या बायका उखाण्यात नवऱ्याचे नाव हौसेने घेतात, ती गोड रीत आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहितात, तीही जुनी रीत. ज्यांना आवडते त्यांनी जरूर पाळावी. पण त्या ताटातल्या नावाचे पुढे काय होते ते मतदार यादीचे काम करताना दिसते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. माहेरच्या यादीतले नाव कमी झालेले, सासरच्या यादीत अजून चढलेले नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला येते, दोन निवडणुका होऊन जातात आणि मतदान केंद्रावर कळते की यादीत ती कुठेच नाही. तिला घरी कोणी अडवलेले नसते. तिचा फॉर्म भरायचे काम कोणाचे, एवढेच ठरलेले नसते.

देशाचे चित्र आता पुष्कळ पालटले आहे. १९६२ मध्ये पुरुषांचे मतदान ६३ टक्क्यांच्या वर होते आणि स्त्रियांचे ४७ टक्क्यांच्याही आत. २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित जास्त आहे. पण टक्केवारी यादीतल्यांची निघते. जिचे नावच यादीत नाही ती या हिशेबात येत नाही.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आमची एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या महिला विभागाने एका टेबलावर मतदार नोंदणीचे फॉर्म ठेवावेत. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती असेल तर फॉर्म ८. नात्याच्या रकान्यात नवऱ्याचेच नाव लागते असे नाही, वडिलांचे किंवा आईचेही चालते. अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलींना आता जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची १ तारीख धरली जाते. कोणाला मत द्यायचे हा विषय त्या टेबलावर निघू नये. चिमणाबाईंच्या परिषदेचा नियम तिथेही पाळावा.

दुसरी सूचना याच स्मरणिकेपुरती. मागच्या पानांवर देणगीदारांची यादी आहे. तिच्यात ‘सौ. व श्री.’ असे छापून पुढे एकच नाव येते, आणि ते कोणाचे हे सांगायला नको. पुढच्या वर्षीपासून दोघांची नावे छापावीत. दोन पाने वाढतील, छपाईचा खर्च थोडा वाढेल. तो आम्ही काही सभासद मिळून देऊ.

गणपती बाप्पा मोरया!