वंगण आणि निरोप: रोटेगावच्या रेल्वेमार्गावरून एक इतिहास

पीएचडीचा विषय ठरवताना आपल्यापैकी बहुतेक जण एकतर यंत्र निवडतात, नाहीतर माणसं. ‘रेल्वेचं तंत्रज्ञान’ हा एक विषय होतो, ‘रेल्वे कामगार’ हा दुसरा. दोन्हींची पुस्तकं ग्रंथालयात वेगळ्या कपाटांत असतात, आणि बऱ्याचदा गाइडही वेगळ्या विभागातले. आजच्या लेखात मी अशा दोन गोष्टी घेतेय, ज्या वेगळ्या कपाटांत ठेवल्या तर दोन्ही अर्धवटच कळतात. एक, यंत्राला घालायचं वंगण. दुसरी, त्या यंत्राभोवती काम करणाऱ्या माणसांचे एकमेकांना जाणारे निरोप.

माझं म्हणणं थोडक्यात असं: वंगण जितकं बेभरवशाचं, तितकं माणसांना एकमेकांकडे जास्त लक्ष ठेवावं लागायचं, जास्त सांगावं लागायचं. वंगण सुधारत गेलं तसा हा संवाद कमी झाला. संवादाची गरज मात्र संपली नाही. हे समजून घ्यायला वैजापूरजवळचा रेल्वेमार्ग फार उपयोगी आहे.

आधी मार्ग समजून घेऊ

वैजापूरला रेल्वेनं जायचं तर उतरायचं रोटेगावला. तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला लागतं. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, आणि चालवायची जबाबदारी निजामाच्या गॅरंटीड स्टेट रेल्वेची. वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १९३० मध्ये निजाम सरकारनं रेल्वे कंपनीकडून स्वतःकडे घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये हा मार्ग नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि २००३ पासून तो नांदेड विभागात आहे.

आपल्या विषयासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मार्ग मीटरगेज होता आणि एकेरी होता. मीटरगेज असल्यामुळे मुंबईकडच्या ब्रॉडगेजचे डबे मनमाडच्या पुढे येऊ शकत नव्हते. माल तिथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. आणि एकेरी असल्यामुळे दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी चालणार. म्हणजे पुढच्या स्टेशनचा निरोप आल्याशिवाय गाडी हलणारच नाही.

ओंगणापासून कॅस्ट्रॉलपर्यंत

वंगण हा शब्द रेल्वेनं आपल्याला दिला नाही. बैलगाडीच्या आसाला लावायचं ते वंगण, काही भागांत ओंगण. एरंडेल किंवा तसलंच चिकट, घट्ट तेल त्यासाठी वापरत. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान समजायचा, खाली उतरायचा आणि वंगण लावायचा. इथे यंत्र बोलतं आणि ज्यानं ऐकायचं तोच गाडी हाकत असतो. मध्ये दुसरा माणूस नाही, म्हणून निरोपाचा प्रश्नच येत नाही.

सुरुवातीच्या वाफेच्या यंत्रांनाही चरबी आणि वनस्पती तेलंच घालत. भारतीय रेल्वेत एरंडेलाचा वापर दिव्यांसाठी आणि वंगणासाठी, दोन्हीकडे झाला. हैदराबाद संस्थान एरंडीच्या मोठ्या उत्पादक प्रदेशांपैकी होतं, त्यामुळे हे तेल इथे परकं नव्हतं. एरंडेलाचा गुण असा की ते तापलेल्या धातूलाही चिकटून राहतं. दोष असा की काही काळानं त्याचा डिंकासारखा थर बसतो. रेल्वे आणि अवजड यंत्रांना वंगण विकण्यासाठी चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये कंपनी काढली. पुढे त्यांनी खनिज तेलात एरंडेल मिसळून नवं ऑइल बनवलं आणि इंग्रजीतल्या ‘कॅस्टर’ या शब्दावरून त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. गॅरेजच्या पाटीवर आज आपण जे नाव वाचतो, त्यात एरंडी आहे.

हॉट ॲक्सल म्हणजे काय

आता डब्याच्या चाकाकडे या. जुन्या डब्यात ॲक्सलचं टोक एका लोखंडी पेटीत फिरायचं. तिला ॲक्सल बॉक्स म्हणतात. वर पितळी बेअरिंग, त्याच्या आतल्या बाजूला व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा थर. खाली तेलात भिजवलेलं सुताचं किंवा लोकरीचं वेस्ट दाबून भरलेलं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं या वेस्टमधून तेल ॲक्सलपर्यंत चढायचं.

धातू धातूवर का झिजत नाही, याचं उत्तर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांच्या प्रयोगातून मिळालं. त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं होतं. ॲक्सल फिरायला लागलं की त्यातून तेल वर येऊ लागलं. त्यांनी बूच लावलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. म्हणजे फिरणारं ॲक्सल तेलाला स्वतःबरोबर ओढतं, त्या तेलात दाब तयार होतो आणि तो पातळ थर अख्खा भार उचलून धरतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं.

हा थर तुटला की गोंधळ सुरू होतो. वेस्ट सरकलं, सुकलं, त्यात धूळ किंवा पाणी गेलं, की तेल वर पोहोचत नाही. ॲक्सल तापतं, धूर येतो, व्हाइट मेटल वितळतं, पेटीला आग लागते. तरीही गाडी चालत राहिली तर ॲक्सल तुटून डबा रुळावरून उतरतो. आपल्याकडच्या रेल्वेच्या भाषेत याचं नाव: हॉट ॲक्सल.

मग निरोप कोण देणार?

समजा, नगरसूलकडून आलेली एक मालगाडी रोटेगावला न थांबता परसोड्याकडे चालली आहे. मधल्या एका डब्याचं ॲक्सल तापलंय. इंजिनातल्या ड्रायव्हरला ते दिसत नाही, कारण धूर मागे जातो. शेवटच्या डब्यातल्या गार्डला कदाचित वास येईल, कदाचित येणार नाही. सगळ्यात नीट पाहू शकतो तो फलाटावर उभा असलेला माणूस: स्टेशनमास्तर किंवा कांटेवाला.

म्हणूनच, न थांबणारी गाडी जात असताना स्टेशनच्या लोकांनी उभं राहून तिच्याकडे पाहायचं आणि ठीक असल्याची खूण द्यायची, असा रेल्वेचा नियम आहे. काही धोक्याचं दिसलं तर दिवसा लाल झेंडा, रात्री लाल बत्ती. गार्डनं ते पाहिलं तर गाडी थांबेल. नाही पाहिलं तर स्टेशनमास्तर फोन उचलून पुढच्या स्टेशनला कळवणार, आणि तिथला सिग्नल लाल राहणार. मग तो डबा तपासायचा, गाडीतून काढायचा आणि ‘सिक’ म्हणून बाजूच्या लाईनवर लावायचा. डब्यालाही रेल्वेत आजारपण असतं!

याच लोकांच्या हातात आणखी एक निरोप असायचा. भारतातल्या एकेरी मार्गांवर टोकन पद्धत चालायची. दोन स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली. दोन्हीकडच्या मास्तरांनी मिळून संमती दिली तरच यंत्रातून एक धातूचा गोळा बाहेर पडायचा, आणि तो परत कुठल्यातरी एका यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघायचा नाही. तो गोळा चामडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या कड्याला लावून, चालत्या इंजिनावरच्या माणसाच्या हातात द्यायची. म्हणजे गाडी थांबो न थांबो, प्रत्येक स्टेशनवर एक माणूस गाडीच्या अगदी जवळ उभा राहणारच. त्याचं मुख्य काम टोकन देणं, पण जवळ उभं राहिल्यामुळे नाक आणि डोळे आपोआप ॲक्सलवर.

वासाला निरोप बनवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये मुद्दाम केली गेली. तिथल्या ए-४ वर्गाच्या इंजिनांत मधल्या मोठ्या बेअरिंगमध्ये उग्र वासाच्या द्रवाची कुपी बसवत. बेअरिंग तापलं की कुपी फुटायची आणि ड्रायव्हरला वास यायचा. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं ‘मॅलार्ड’ याच वर्गातलं. त्या धावेत त्याचं तेच बेअरिंग तापलं आणि इंजिन पीटरबरोला थांबवावं लागलं.

बंद डबीतलं ग्रीस

मग वंगण बदललं. १९४२ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांनी लिथियम ग्रीसची पेटंटं घेतली. हे ग्रीस उष्णता सोसतं आणि पाण्यानं सहज वाहून जात नाही. त्याच सुमारास रेल्वेत रोलर बेअरिंग पसरत होती. भारतात पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून निघालेले प्रवासी डबे रोलर बेअरिंगचे होते. १९८० च्या दशकात आलेल्या बॉक्स-एन वाघिणींत तर ग्रीस भरून पूर्ण बंद केलेली बेअरिंग होती. वाटेत झाकण उघडून तेल घालायची गरजच उरली नाही. १९७० च्या दशकात एस्सो, बर्मा-शेल, कॅल्टेक्स या कंपन्या सरकारनं घेतल्या, त्यामुळे वंगणाच्या डब्यावरची नावंही देशी झाली.

मनमाड ते औरंगाबाद मार्ग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाला आणि हे नवे डबे थेट रोटेगाववरून धावू लागले. पुढे ठिकठिकाणी टोकनची जागा नव्या सिग्नल यंत्रणेनं घेतली, ड्रायव्हर आणि गार्डच्या हातात वॉकीटॉकी आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये गार्डचं पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. ॲक्सल बॉक्समध्ये तेल आणि वेस्ट भरणाऱ्या माणसाचं कामच गेलं, त्यामुळे त्याला नवं पदनाम मिळायचा प्रश्न आला नाही.

पण निरोप संपला का?

नाही. उलट, इथे खरी अडचण आहे. जुनं बेअरिंग हळूहळू तापायचं, आधी धूर आणि वास द्यायचं. बंद रोलर बेअरिंग क्वचित बिघडतं, पण बिघडलं की फार कमी वेळात ॲक्सल तोडू शकतं. म्हणजे सांगायला वेळ कमी, आणि सांगणारा माणूसही कमी.

३ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेत ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडीचे ३८ डबे घसरले. काहींत विषारी रसायनं होती. कारण तापलेलं बेअरिंग. रुळाकाठच्या उष्णतामापकांनी ते तीनदा मोजलं होतं: हवेपेक्षा ३८, मग १०३, मग २५३ अंश फॅरनहाइट जास्त. पहिले दोन आकडे कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेखाली होते, म्हणून गाडीतल्या लोकांना काहीच कळवलं गेलं नाही. सुमारे २० मैल आधी, सेलम गावातल्या कॅमेऱ्यांत डब्याखालची आग दिसत होती. पण तो कॅमेरा लाल बत्ती दाखवत नव्हता.

रोटेगावच्या फलाटावरचा माणूस आणि ते मापक, दोघांची तुलना करून बघा. मापक अचूक आहे. पण ‘किती तापलं तर सांगायचं’ हे त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय. फलाटावरच्या माणसाला मात्र शंका आली तरी पुरे होती.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

यातून पद्धतीबद्दल तीन गोष्टी घ्या.

पहिली, नियमपुस्तक वाचताना प्रत्येक नियमाला विचारा: हा कुठल्या बिघाडातून आला? ‘गाडीकडे पाहा’ हा नियम शिस्तीचा वाटतो. प्रत्यक्षात तो तेलात भिजवलेल्या वेस्टचा इतिहास आहे.

दुसरी, सुरळीत चाललेलं काम कागदावर येत नाही. अपघाताची चौकशी होते, तेलखरेदीचा हिशेब राहतो, वार्षिक अहवालात टनांचे आकडे येतात. वेळेवर हललेल्या लाल झेंड्याची नोंद फार तर एखाद्या डायरीतल्या दोन ओळी. म्हणून स्टोअरची कागदपत्रं आणि चौकशी अहवाल शेजारी ठेवून वाचा, आणि मधली जागा भरायला त्या काळात काम केलेल्या माणसांकडे जा. मीटरगेजवर नोकरी केलेले बरेच जण आता निवृत्त आहेत. ही मुलाखत तिसऱ्या वर्षावर ढकलू नका.

तिसरी, मुलाखतीत ‘तुमच्या काळी संवाद कसा होता?’ असं विचारलं तर ‘चांगला होता’ एवढंच उत्तर मिळेल. ‘ॲक्सल तापल्याचं आधी वासावरून कळायचं की धुरावरून? मग तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगायचात?’ असं विचारा. वस्तूबद्दल विचारलं की माणूस कामाबद्दल बोलतो. मग वही भरते.