घुमट : मडके, कातडे आणि नाद

घुमट म्हणजे दोन्ही टोकांना उघडे असलेले मातीचे मडके. एक तोंड मोठे, दुसरे लहान. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात, लहान तोंड मोकळे ठेवतात. (देवळाच्या माथ्यावरचा तो घुमट निराळा, गोव्यात वाद्याला ‘ते घुमट’ म्हणतात.) दोरीने गळ्यात अडकवून उजव्या हाताची बोटे कातड्यावर चालवायची आणि डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकायचे, सोडायचे. सगळी खुबी या डाव्या हातात आहे. आतली हवा कोंडली, सुटली की नाद खाली-वर होतो, आणि मग मडके खरोखर घुमू लागते.

गोव्यातल्या घरांना याची ओळख करून द्यायला नको. चवथीला माटोळीखाली आरत्या सुरू झाल्या की घुमट, शामेळ आणि कासाळे ही तिन्ही लागतात. शामेळही मातीचेच, पण ते काठ्यांनी वाजते. कासाळे म्हणजे धातूची मोठी झांज. गाण्याशिवाय केवळ ही वाद्ये एकत्र वाजतात तेव्हा त्याला सुवारी म्हणतात. आरत्या बहुतेक मराठी, वाजवणाऱ्यांचे आपसातले बोलणे कोंकणी, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. हेच वाद्य ख्रिस्ती घरांत व्हायोलिनच्या सोबतीने मांडो आणि दुलपदाला साथ करते. दोन्ही समाजांनी इतक्या आपलेपणाने सांभाळलेले दुसरे वाद्य गोव्यात सापडणे कठीण.

त्याचे नातलगही दूरवर आहेत. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरचे कुडुबी लोक आपले मूळ गोव्यात सांगतात आणि होळीला ‘गुमटे’ वाजवतात. हैदराबादच्या आपल्या सभासदांनी तेलुगू बुर्रकथेत ‘गुम्मेटा’ ऐकले असेल; तेही मातीचेच.

आता अडचणीचा भाग. घुमटाला पूर्वापार घोरपडीचे कातडे लावत. पातळ, चिवट आणि ताण धरणारे. चवथ भर पावसाळ्यात येते, हवा ओलसर असते आणि कातडे सैल पडते, म्हणून ताणाला फार महत्त्व. पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तिची शिकार आणि तिच्या कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. घुमटाकरता घोरपडी मारल्या जात, हे खरेच आहे. आज बकऱ्याचे कातडे लावतात. ते जाड असते, शेकून तापवावे लागते, आणि जुने वादक सांगतात की आवाजात फरक पडतो. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, तेव्हा हा सन्मान बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटाला मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. ते योग्यच झाले, कारण वाजते ते तेच आहे.

मग घोरपडीच्या कातड्याचे जुने घुमट उरले कुठे? काही घरांच्या माळ्यावर आणि काही संग्रहालयांच्या कपाटांत. संग्रहालयांचा ओढा मुळातच सुबक वाद्यांकडे असतो. हस्तिदंती जडावाची सतार, मोराच्या आकाराचा ताऊस यांच्याकडे पाहणाऱ्याचे पाय आपोआप वळतात. कुंभाराच्या मडक्याला कोपरा मिळतो आणि खाली चिठ्ठी असते : ‘घुमट, माती व चामडे, गोवा.’ मडके कुठल्या कुंभाराचे, कातडे कुणी मढवले, ते कुठल्या गावात कुठल्या आरतीला वाजले, यातले काहीच त्या चिठ्ठीत नसते. शिवाय कपाटातले वाद्य कुणी वाजवू देत नाही. त्यात संग्रहालयाची चूक नाही. सुकलेले कातडे एका थापेने फाटू शकते. तरी परिणाम हा की वस्तू टिकते आणि नाद जातो.

जुने कातडे फाटले तर काय करावे, हाही प्रश्न येतो. आमचे मत असे की ते फाटकेच ठेवावे. बदलले तर जुन्या मढवणीचा एकमेव पुरावा जाईल. शेजारी बकऱ्याच्या कातड्याचे नवे घुमट ठेवावे आणि येणाऱ्या मुलांना ते खुशाल बडवू द्यावे.

नादासाठी वेगळी सोय लागते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत-अभिलेखागार १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले, आज ते गुरुग्रामला आहे. वाद्यापेक्षा ध्वनिमुद्रण जपणे हे तिथले मुख्य काम. अशा ठिकाणी मुद्रणाबरोबर गायक-वादक, गाव, दिवस, प्रसंग यांची नोंद असेल तरच त्याचा पुढे उपयोग होतो. नुसती आवाजाची फीत म्हणजे पुन्हा तीच चिठ्ठी. जुन्या कातड्यावर हात बसलेले बरेच वादक आज उतारवयात आहेत. बोलांची नावे, डाव्या तळव्याची उघडझाप, कातडे शेकण्याची वेळ हे सगळे त्यांच्याकडून चित्रफितीवर घेता येते, आणि त्याला मोबाइल पुरतो. चित्रण करताना मागचे तोंड दिसेल असे बसावे. बहुतेक चित्रफितींत नेमका डावा हात झाकला जातो.

ज्यांच्या घरी जुने घुमट आहे त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घोरपडीचे कातडे असेल तर ते विकू नका, विकत घेऊ नका, आणि संग्रहालयाला द्यायचे मनात असेल तर आधी वनखात्याला विचारा. दुसरे, ते स्वच्छ करण्याच्या भरात कातड्यावर तेल लावू नका आणि मडके पाण्याने धुऊ नका. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, ओल आणि किडीपासून दूर ठेवावे. फोटो काढून, मडक्याचे माप घेऊन, आजी-आजोबांना आठवेल ते त्याच कागदावर लिहून ठेवावे. कुंभाराचे नाव आठवत नसेल तर निदान त्याचे गाव लिहावे.