काटक आणि कुपोषित : आदर्श वजनाच्या कल्पनेची वाटचाल

(१)

नाशिकहून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आणि गुजरातला लागून असलेला पेठ हा संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडणारा तालुका. कोकणा, महादेव कोळी व वारली यांची वस्ती, उतारावरची नागली, वरई, भात व खुरासणी ही पिके आणि पावसाळा सरला की द्राक्षबागांच्या पट्ट्याकडे मजुरीसाठी उतरणारी कुटुंबे, ही त्याची ओळख. येथील माणसाच्या देहाविषयी बोलताना मराठीने प्रामुख्याने दोन विशेषणे वापरली. ललित लेखनात आणि शहरी संभाषणात हा देह ‘काटक’ असतो. शासकीय अहवालात आणि वृत्तपत्रात तो ‘कुपोषित’ असतो. पहिल्या शब्दात कमी वजन हा गुण आहे, दुसऱ्यात ते न्यून आहे. देह मात्र एकच आहे, आणि पुष्कळदा कुटुंबही एकच आहे : बाप काटक आणि मूल कुपोषित.

एकाच देहाविषयीची ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत, आणि तरीही ती एकाच भाषेत सुखाने नांदतात. याचे कारण देहात शोधता येत नाही. ते मापात शोधावे लागते. ‘योग्य वजन’ ही कल्पना कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रयोजनाने घडवली, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

(२)

आदर्श वजन आकड्यात सांगण्याची रीत अगदी अलीकडची आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात ज्या आठ प्रकारच्या देहांना निंद्य ठरवले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात, आणि सविस्तर विवेचन या दोघांचेच आहे. तेथे स्थूलतेची खूण म्हणजे चालताना हलणारे पोट व नितंब, आणि कृशतेची खूण म्हणजे कातडीवर उमटलेले शिरांचे जाळे. या अध्यायाने दोन्ही टोकांत स्थूलतेला अधिक कष्टसाध्य मानले, हेही लक्षणीय आहे. परंतु तराजू तेथे कोठेच नाही. माप डोळ्यांचे आहे, आणि ते त्या एका माणसापुरते आहे.

मराठीच्या रूढ शब्दसंपत्तीतही हेच दिसते. मूल ‘बाळसे धरते’, आजारातून उठलेल्याच्या अंगावर ‘मूठभर मांस चढते’, माणूस ‘खात्यापित्या घरचा’ दिसतो. उलट दिशेने तो ‘रोडावतो’, ‘खंगतो’, ‘वाळतो’. या शब्दांची रचना पाहिली तर भरणे हे धन आणि झडणे हे ऋण असा हिशेब स्पष्ट होतो. ज्या समाजात दुष्काळ हा अपवाद नसून आवर्तन होते, तेथे चरबी ही साठवलेल्या धान्यासारखी मानली जावी, यात नवल नाही. ‘पोट सुटणे’ या प्रयोगात उपहास आहे; पण तो बैठ्या जीवनाचा उपहास आहे, त्यात रोगाची भीती नाही.

‘काटक’ हा शब्द या हिशेबाला छेद देतो. कमी मांस आणि अधिक दम असा त्याचा अर्थ. मावळ्याच्या प्रतिमेशी तो जोडला गेला आणि त्याला राष्ट्रीय अभिमानाची झळाळी आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात देहाचे दोन आदर्श शेजारी शेजारी उभे होते : एक कोल्हापूरच्या तालमीतला, खुराकावर पोसलेला मल्लाचा भारदस्त देह, दुसरा औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रचारलेल्या सूर्यनमस्कारांचा सडपातळ, लवचीक देह. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडगोळीतला विनोदही अंशतः या शारीर विरोधावर उभा आहे. मात्र हे दोन्ही आदर्श निवडीचे होते. मल्ल आपण होऊन भरत असे, साधक आपण होऊन उतरत असे. पेठच्या डोंगरातील माणसाचा काटकपणा निवडलेला नव्हता, आणि ‘काटक’ या शब्दाने नेमका हाच फरक झाकला.

(३)

देहाला आकडा चिकटला तो प्रशासनाच्या गरजेतून. पेठ हे १८७८ पर्यंत संस्थान होते. बेगमच्या मृत्यूनंतर ते नाशिक जिल्ह्यात विलीन झाले. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील नाशिकचा खंड प्रसिद्ध झाला. या मालेतील जातीजमातींच्या वर्णनांत वर्ण, उंची, बांधा व कष्टाळूपणा यांची नोंद ठरावीक क्रमाने येते. जमीन, पीक आणि देह ही तिन्ही तेथे एकाच नोंदवहीची रकाने आहेत.

याच सुमारास हा प्रश्न अधिक निष्ठुर रूपात पुढे आला. १८७६-७८ च्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. १८७७ च्या आरंभी त्यांनी दुष्काळी कामावरील मजुराच्या मजुरीचा आधार दिवसाला एक पौंड धान्य असा खाली आणला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीही या मापाला वैद्यकीय आधाराने विरोध केला. तुरुंगातील कैद्याला मिळणारा शिधा हा त्या वादातील तुलनेचा एक मुद्दा होता. माणूस किती कमी अन्नावर काम करीत राहू शकतो, असा प्रश्न राज्यकर्त्यांनी प्रथमच उघडपणे विचारला होता. ‘हे लोक थोडक्यात भागवणारे आहेत’ हे गृहीतक त्याच्या मुळाशी होते. काटकपणाच्या स्तुतीचे हे अर्थशास्त्रीय रूप होय.

(४)

पश्चिमेतही वजनाचा आकडा आरोग्याच्या विचारातून जन्मला नाही. बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ क्येतले याने १८३५ च्या ग्रंथात ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे निरीक्षण लोकसंख्येच्या वर्णनासाठी होते. १९७२ मध्ये अँसेल कीझ आणि सहकाऱ्यांनी त्याच गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. दरम्यान अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये ‘आदर्श वजना’ची कोष्टके काढली होती, १९५९ च्या आवृत्तीत शब्द बदलून ‘इष्ट वजन’ असा झाला. ज्यांना विमा परवडत होता, त्यांच्या मृत्यूंच्या हिशेबातून निघालेली ही कोष्टके हळूहळू जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर चढली. वर्णन येथे आज्ञा झाले.

आज्ञेचा आकडा बदलतो तेव्हा देह न बदलताही माणसाची ओळख बदलते. १९९८ मध्ये अमेरिकेने जादा वजनाची सीमा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ वरून सरसकट २५ वर आणली, आणि काल ‘ठीक’ असलेली कोट्यवधी माणसे आज ‘जाड’ ठरली. २००९ च्या भारतीय मार्गदर्शक मतैक्याने ही सीमा २३ मानली. १६० सेंटिमीटर उंचीचा ६२ किलो वजनाचा माणूस एका कोष्टकात योग्य आहे आणि दुसऱ्यात जाड.

(५)

मुलांच्या वजनाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि पेठचा संबंध खऱ्या अर्थाने येथे येतो. १९५६ मध्ये मेक्सिकोतील डॉ. गोमेझ यांनी रुग्णालयातील मुलांचे वजन प्रमाण वजनाच्या किती टक्के आहे, यावरून कुपोषणाच्या श्रेणी पाडल्या. १९७२ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने आपल्याकडील श्रेणी ठरवल्या : प्रमाणाच्या ८० टक्क्यांहून अधिक ते सर्वसाधारण, आणि तेथून खाली चार पायऱ्या. प्रमाण वजन १० किलो असेल तर ८ किलोला सीमा, आणि ५ किलो व त्याखाली चौथी श्रेणी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हे गणित अंगणवाडीच्या आलेखावर आले. ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील मूल’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या सार्वजनिक भाषेत तेथून रुजला. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर तो विधिमंडळापर्यंत पोहोचला.

या गणितातील प्रमाण वजन होते बॉस्टनच्या मुलांचे. हार्वर्ड प्रमाणक या नावाने ओळखली जाणारी ही कोष्टके अमेरिकेतील एका शहराच्या मुलांवरून तयार झाली होती. नागलीच्या भाकरीवर वाढणाऱ्या मुलाला बॉस्टनच्या काट्यावर का तोलावे, हा आक्षेप साहजिक होता, आणि तो सर्वांत समर्थपणे पुण्यातच मांडला गेला.

अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा वाहून पुण्यात परतलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते की, माणसाची अन्नाची गरज स्थिर नसते. निरोगी माणसाचे सेवनही दिवसागणिक कमीअधिक होते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेखालच्या प्रत्येकाला कुपोषित मोजणे चूक आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या अभ्यासात दारिद्र्याची रेषा दरडोई २२५० उष्मांकांशी जोडली होती. सुखात्म्यांच्या युक्तिवादाने तो आधारच हलत होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी या दोन पुणेकरांत झालेला वाद केवळ संख्याशास्त्रीय नव्हता. दांडेकरांचा रोख असा होता की, जो कमी खातो तो जुळवून घेतल्यामुळे कमी खात नाही. त्याला विकत घेता येत नाही. याच काळात डेव्हिड सेकलर यांनी ‘लहान पण निरोगी’ हे सूत्र मांडले, डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर नेमका प्रतिप्रश्न केला की, लहान असणे आरोग्यदायी आहे ते केवळ गरिबांसाठीच कसे?

सुखात्म्यांचा हेतू गरिबांना उणे लेखण्याचा नव्हता. स्वच्छ पाणी व रोगनिवारण यांच्याविना नुसते अन्न व्यर्थ आहे, असे ते आग्रहाने सांगत. परंतु कल्पनेचा प्रवास तिच्या कर्त्याच्या हेतूने ठरत नाही. ‘लहान पण निरोगी’ हे ‘काटक’ या विशेषणाचे शास्त्रीय भाषांतर होते, आणि टेंपलच्या एका पौंडाचे दूरचे आप्तही.

(६)

या वादाचा एक भाग पुढे निकाली निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील, स्तनपान मिळालेल्या आणि सुस्थितीत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. भारतातील मुले दिल्लीची होती. मुलांच्या उंचीतील एकूण फरकापैकी देशादेशांतील भेदाचा वाटा सुमारे ३ टक्केच निघाला. माणसामाणसांतील भेदाचा सुमारे ७० टक्के. २००६ मध्ये यावरून नवी प्रमाणके आली आणि २००८ मध्ये भारताने ती स्वीकारली. चार श्रेणी जाऊन ‘मध्यम’ व ‘तीव्र’ असे दोन वर्ग उरले. अंगणवाडीताईंच्या तोंडी ‘मॅम’ आणि ‘सॅम’ हे शब्द बसले. दंडाच्या पट्टीवरील ११.५ सेंटिमीटरची लाल खूण ही धोक्याची सीमा ठरली. बॉस्टनचा काटा गेला, पण पेठच्या मुलाचे उणेपण गेले नाही. परके माप हे त्याचे कारण नव्हते, एवढे सिद्ध झाले.

दुसरा भाग अधिक चकवा देणारा आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. पुण्याच्या अर्भकांत स्नायू बराच कमी होता, मेद मात्र तुलनेने राखलेला होता. २००४ मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन यांनी आपली दोन छायाचित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली : निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, युडकिन यांचा ९.१ टक्के. म्हणजे बालपणी कमी भरलेला देह पुढे थोड्याच वजनवाढीने मधुमेहाकडे झुकू शकतो. कमी वजन हा काटकपणा असतोच असे नाही. तो पुढच्या आजाराचा पायाही असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याच पाहणीत सुमारे एकपंचमांश स्त्रिया कृश आणि जवळपास एकचतुर्थांश जादा वजनाच्या होत्या. एकाच राज्यात दोन उणिवा एकमेकींना लागून उभ्या आहेत.

(७)

मराठी समीक्षेत १९९० च्या दशकापासून फुकोच्या अनुषंगाने प्रत्येक प्रमाणकाला ‘घडवलेले’ म्हणण्याची सवय रूढ झाली. वरील इतिहास त्या सवयीला पुष्टी देतो, आणि तिची मर्यादाही दाखवतो. विमा कंपनीचे कोष्टक घडवलेले आहे, हार्वर्ड प्रमाणकही घडवलेले आहे. परंतु ‘काटक’ हेही घडवलेलेच आहे, आणि त्याला कोणी प्रमाणक म्हणत नाही, हेच त्याचे बळ. कथा-कादंबऱ्यांतून डोंगरातील देह कातळात कोरल्यासारखा रंगवताना बिगर-आदिवासी लेखकाने भुकेची खूण सौंदर्याची खूण म्हणून वाचली, आणि समीक्षेने त्या वर्णनाला ‘जिवंत’ असा शेरा दिला. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेतील प्रश्न असा की, आमचे दुःख आम्हालाच व्यासपीठावरून कोण सांगते. हा प्रश्न वजनालाही लागू पडतो : आमचा देह कसा असावा, हे कोण सांगते?

त्याचे उत्तर ‘मापच नको’ असे असू शकत नाही. माप सोडून दिले तर उरते ते विशेषण, आणि विशेषणावर दाद मागता येत नाही. २.५ किलोखाली जन्मलेल्या मुलासाठी, ११.५ सेंटिमीटरखालच्या दंडासाठी शासनाला जाब विचारता येतो. ‘काटक’ मुलासाठी कोणालाच काही विचारता येत नाही. आकडा परका असेल तर तो तपासून बदलता येतो, आणि मुलांच्या बाबतीत तसा तो बदललाही. विशेषण मात्र आपलेच असते, म्हणून ते तपासायचे राहून जाते. पेठच्या अंगणवाडीतील आलेख वाचताना ज्या काटेकोरपणाची अपेक्षा आपण आरोग्यसेवकाकडून करतो, तोच काटेकोरपणा मराठी वाचकाने ‘काटक’ हा शब्द वाचताना दाखवला पाहिजे.