चॅपरोन प्रथिन

चॅपरोन प्रथिने ही पेशीतील इतर प्रथिनांना योग्य त्रिमितीय घडी घेण्यास साहाय्य करणारी आणि त्यांच्या गुठळ्या होऊ न देणारी प्रथिने होत. 'चॅपरोन' म्हणजे तरुण मुलीसोबत समारंभास जाणारी वडीलधारी स्त्री. काम संपल्यावर ही प्रथिने तयार झालेल्या रचनेचा भाग राहत नाहीत. अर्धवट घडी झालेले प्रथिन धरणे व वेळेवर सोडणे यासाठी बहुतेक चॅपरोनांना स्वतःचा आकार बदलावा लागतो. हा बदल मुख्यतः न्यूक्लिओटाइडचे बंधन आणि तापमान यांवर अवलंबून असतो.

न्यूक्लिओटाइडचा परिणाम

एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूतील ग्रोईएल हे चॅपरोन १४ समान उपघटकांचे असते. प्रत्येकी ७ उपघटकांची दोन कडी पाठीला पाठ लावून असतात. रिकाम्या कड्याच्या मुखाशी जलविरोधी पृष्ठभाग उघडा असल्याने अर्धवट घडीचे प्रथिन तेथे चिकटते. कड्याला एटीपीचे ७ रेणू जोडले गेले की उपघटकांचे वरचे भाग उचलले जाऊन वळतात आणि ग्रोईएस हे प्रथिन झाकणासारखे बसते. पोकळीचे आकारमान सुमारे दुप्पट होते आणि तिचा आतील पृष्ठभाग जलस्नेही बनतो. त्यामुळे चिकटलेले प्रथिन सुटते व बंद पोकळीत एकट्याने घडी घेऊ शकते.

डीएनएके या चॅपरोनात एटीपी असताना पकड सैल असते. एटीपीचे विघटन होऊन एडीपी उरला की झाकण मिटते व पकड घट्ट होते.

तापमानाचा परिणाम

डीएनएकेमधील एडीपी बाहेर काढण्यास जीआरपीई हे प्रथिन मदत करते. उष्णतेने त्याच्या लांब सर्पिल भागांची रचना सैल होते आणि ही मदत मंदावते. तापमान उतरल्यावर रचना पूर्ववत होते. परिणामी उष्णतेच्या काळात डीएनएके प्रथिनांना अधिक वेळ धरून ठेवते व घडी घालण्याचे काम पुढे ढकलले जाते.

डोळ्याच्या भिंगातील अल्फा-क्रिस्टलिनला एटीपीची गरज नसते. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या रचनेत बदल होऊन गुठळ्या रोखण्याची क्षमता वाढते, असे हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधनातून दिसून आले. भिंगातील प्रथिनांच्या गुठळ्यांमुळे मोतीबिंदू होतो.

क्षयरोगाच्या जिवाणूतील चॅपरोन

नागपूर विद्यापीठात शिकलेले व पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक झालेले शेखर मांडे यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये कुष्ठरोगाच्या जिवाणूतील चॅपरोनिन-१० या ग्रोईएससदृश प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. २००४ मध्ये त्यांच्या हैदराबाद येथील गटाने क्षयरोगाच्या जिवाणूतील ग्रोईएलचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्ध स्वरूपात हे प्रथिन १४ उपघटकांऐवजी लहान समूहांत आढळले, तरी इतर प्रथिनांच्या गुठळ्या रोखण्याची क्षमता त्यात होती. दोन कड्यांची पोकळी नसतानाही चॅपरोनाचे संरक्षणाचे काम काही प्रमाणात होऊ शकते, हे यावरून स्पष्ट झाले.