मुंग्या गेल्या, सिग्नलही गेला

परवा संध्याकाळी बातम्या लावायला बसले तर पडद्यावर निळा चौकोन आणि त्यात 'सिग्नल नाही'. बाकी काही नाही. आवाज नाही, चित्र नाही, साधी खरखरसुद्धा नाही. पुण्याला नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, रिमोटवर मेनू दाब आणि दोन पट्ट्या दिसतील त्यांचे आकडे सांग." एक पट्टी ऐंशीच्या आसपास होती, दुसरी शून्य. "मग वायर ठीक आहे, छत्रीचं डोकं पण ठीक आहे. छत्री भलतीकडे बघतेय. वर कोणीतरी चढायला पाहिजे."

वर कोण चढलं होतं ते गच्चीत गेल्यावर कळलं. आमच्याकडे वानरांचा सुळसुळाट आहे. त्यातल्या कुणीतरी छत्रीवर बैठक मारली होती आणि ती चांगलीच खाली झुकली होती. शेजारचा मुलगा पाना घेऊन आला, मी खाली टीव्हीसमोर बसले आणि चाळीस वर्षांनी आमच्या घरात पुन्हा तीच आरोळी घुमली... "आलं का?"

तरुण वाचकांना या आरोळीचा इतिहास माहीत नसेल, म्हणून थोडं मागे जाते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुण्याला चित्र दिसू लागलं. जुन्नर तिथून सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या पलीकडे, आणि टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. त्यामुळे मोकळ्या माळावरच्या घराला चित्र आणि डोंगराच्या कुशीतल्या घराला नुसत्या मुंग्या. आमच्याकडे १९८४च्या सुमारास ब्लॅक अँड व्हाइट संच आला. घरापेक्षा उंच लोखंडी पाईप, त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना, तोंड दक्षिणेला आणि त्याला जोडलेला बूस्टर. वारा सुटला की 'हे' पाईप फिरवायचे, मी दारात उभी आणि सासूबाई पलंगावरून निकाल देणार. "माणूस दिसतोय, पण दोन दोन दिसतायत!" डोंगरावर आपटून आलेली लहर जरा उशिरा पोचते म्हणून तसं दुहेरी चित्र दिसतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. 'आमची माती आमची माणसं' मुंग्यांतूनही त्यांना व्यवस्थित कळायचं. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. दोन रामांतला खरा कोणता असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही!

याच काळात आमच्या तालुक्यात एक गंमत घडत होती. नारायणगावजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहत होती. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून झालेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या. त्यांतल्या १४ मधल्या भागात एकमेकींजवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. डोंगरांच्या आडोशामुळे बाहेरच्या रेडिओ लहरींचा गोंगाट इथे कमी, हे जागा निवडण्याचं एक कारण. म्हणजे ज्या डोंगरांना आम्ही टीव्हीपायी शिव्या घालत होतो, तेच शास्त्रज्ञांना हवे होते. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मुलांना तिकडे घेऊन गेले तेव्हा एकाने विचारलं, "बाई, एवढी मोठी छत्री, इथे किती चॅनेल दिसतात?" सगळे हसले. मी मात्र त्या प्रश्नाला शंभरपैकी शंभर देईन. आपल्या अँटेन्याचं काम आणि त्या दुर्बिणीचं काम मुळात एकच आहे, क्षीण लहर पकडायची. फक्त त्यांची लहर कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली असू शकते. आपला बूस्टर बिघडला की तो स्वतःच बारीकसं प्रक्षेपण करायला लागतो, आणि तारकांची कुजबुज ऐकणाऱ्याला तो चक्क कानाशी वाजणारा भोंगा होतो. आमचं 'रामायण' हा कुणाच्या तरी कानातला गोंगाट असू शकतो, हे ऐकून मी ओशाळले होते.

मग जमाना बदलला. दूरदर्शनची उपग्रहावरून मोफत सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली, तिलाच आता डीडी फ्री डिश म्हणतात. केबलचं डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झालं. मुंबईला ऑक्टोबर २०१२ची मुदत होती, पुण्याला मार्च २०१३ची. आपल्यासारख्या गावांची पाळी शेवटी आली आणि मुदती वाढत वाढत ३१ मार्च २०१७ला ती संपली. दूरदर्शननेही आपले जमिनीवरचे बहुतेक जुने प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले. सिंहगडाकडे बघणारा अँटेना आता आग्नेयेला, ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे बघू लागला. डोंगराची अडचण खूपशी संपली, कारण छत्री आडवी न बघता वर बघते. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांवर पहिल्यांदा स्वच्छ चित्र दिसलं ते या छत्रीमुळे, हे कबूल केलंच पाहिजे.

पण एक फरक पडला. मी मास्तरीण, तेव्हा परीक्षेचंच उदाहरण देते. जुनं प्रक्षेपण गुण द्यायचं. नव्वद गुणांचं चित्र, पन्नास गुणांचं चित्र, वीस गुणांचं म्हणजे मुंग्यांतून हलणारी सावली. डिजिटलमध्ये नुसतं पास-नापास. पस्तीस मिळाले की चित्र झकास, चौतीस झाले की जरा चौकोन चौकोन दिसतात आणि लगेच काळोख. लहर क्षीण होत चालली आहे याची आधी वर्दी मिळत नाही. परवा छत्री फिरवतानाही तोच अनुभव. पूर्वी पाईप हलवला की चित्र तत्क्षणी हलायचं. आता केसभर हलवायचं, थांबायचं, डब्याला विचार करू द्यायचा आणि मग आकडा बघायचा. दोन-तीन अंशांची चूकसुद्धा त्याला खपत नाही. पाऊण तास लागला.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. जोराचा पाऊस झाला की उपग्रहाची लहर पावसातच विरते आणि छत्री मान टाकते. जुलै २०१४च्या शेवटी आमच्याकडे दोन दिवस तसंच झालं होतं. 'सिग्नल नाही' दिसलं, मी टीव्ही बंद करून स्वयंपाकाला लागले. ३० तारखेला ठाण्याहून बहिणीचा फोन आला, "अगं, तुमच्याकडे माळीणवर डोंगर कोसळलाय, तू बघतेस ना?" मी बघत नव्हते. तासा-दीड तासाच्या वाटेवरची बातमी मला ठाण्याहून कळली! आणि पहिली खबर तरी कशी लागली? सकाळच्या एसटीच्या चालकाला रोजचं गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. १५१ माणसं गेली. घोडेगावला असताना त्या खोऱ्यातली मुलं माझ्या वर्गात होती. त्या दिवशी मी जुन्या नावांची मनातल्या मनात हजेरी घेत बसले होते.

टीव्ही चालू असता तर कुणी वाचलं असतं असं मुळीच नाही. पण त्या निळ्या चौकोनाला मी किती सहज स्वीकारलं, याचं मला अजून वाईट वाटतं. वर्गात एखादा मुलगा गैरहजर राहिला तर मी दुसऱ्या दिवशी घरी निरोप पाठवत असे. मुंग्या म्हणजे आजारी मुलाची चिठ्ठी, काहीतरी चाललंय हे कळायचं. डिजिटल न सांगता गैरहजर राहतं, तेव्हा चौकशी आपणच करायची.

म्हणून आता पावसाळ्याआधी मी तीन कामं करते. छत्रीचे बोल्ट आवळून घेते, वायरीच्या टोकाला पाणी शिरू नये म्हणून तिथे टेप गुंडाळून घेते आणि सेलवरचा रेडिओ चालू आहे ना ते बघते. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर पोचतात, पावसाची त्यांना फारशी तमा नाही. चौथं काम नातेवाईकांनी करायचं. पावसात दोन दिवस माझा फोन लागला नाही, तर "आजींकडे रेंज नसेल" म्हणून गप्प बसू नका. शेजारी फोन करा.

असो. शेवटी परवा टीव्ही लागला. वरून "आलं का?" आलं आणि माझ्या तोंडून नकळत उत्तर गेलं, "आलं, पण एकच दिसतोय!" शेजारच्या मुलाला काही कळलं नाही. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.