पगार थांबला, मग चूल कशी पेटली? गिरणी संपाचा घरातला इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

18 जानेवारी आली की गिरणी संपाच्या पोस्टी फिरायला लागतात. खाली वाद ठरलेला. एक म्हणतो डॉक्टर सामंतांनी कामगारांना खड्ड्यात घातलं, दुसरा म्हणतो मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या, संप हे निमित्त. तिसरा इंदिराबाई आणि भोसल्यांवर घसरतो. वाद घाला, माझी ना नाही. पण 1982 साली जवळजवळ अडीच लाख माणसांचा पगार एकदम थांबला आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मग दुसऱ्या महिन्याला घरात तांदूळ कुठून आला? पोराची फी कुणी भरली? खोलीचं भाडं? सध्या ओळखीपाळखीत नोकऱ्या जाताहेत, लोक इनबॉक्समध्ये विचारतात की "आता घर कसं चालवायचं". म्हणून हा विषय.

आधी गिरणगावाचा पैसा कसा फिरायचा ते बघा. 1936 चा पगारवाटपाचा कायदा तेव्हा सांगायचा की हजाराच्या वर कामगार असतील तिथे पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्या. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा चाळीसेक दिवसांनी. हा कायदा व्हायच्या आधी तर त्याहून उशीर. आता हातावर पोट असलेला माणूस चाळीस दिवस खाणार काय? उधारीवर खाणार. त्यामुळे उधारी ही गिरणगावात अडचणीच्या वेळची गोष्ट नव्हतीच, ती रोजची व्यवस्था होती. वाण्याकडे वही, खानावळीत खातं, चाळीत भिशी, आणि अगदीच अडलं तर पठाण. सावकारीत रुपयामागे महिन्याला एक आणा हा दर जुन्या काळी सर्रास होता. हिशेब करा, वर्षाला शंभरावर पंच्याहत्तर. आजच्या मोबाइलवरच्या कर्जवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाही.

यातली खानावळ नीट समजून घ्यायला हवी. गावाकडून आलेला एकटा पुरुष गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्या वेगळ्या म्हणून झोपायची जागा पुरायची. जेवायला खानावळ. ती चालवायची बाई, बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत. पैसे महिनाअखेर, म्हणजे पगार झाल्यावर. तोवर तिने वाण्याकडून उधार माल आणायचा. म्हणजे गिरणीचा पगार चाळीस दिवस उशिरा, आणि ते चाळीस दिवस कुणाच्या जिवावर ढकलले जायचे? त्या बाईच्या. ही एवढी मोठी कापडगिरणी एका अर्थाने तिच्या उधारीवर चालायची, पण कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात ती दिसणार नाही. प्रेमाताई पुरव यांनी, गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या बाई बरं का, 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, हे त्याचं मूळ काम.

आता संप. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली, स्टँडर्ड मिलचे कामगार डॉक्टरांकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 ला सगळं गिरणगाव थांबलं. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या, आणि मनातली मोठी मागणी म्हणजे 1946 च्या कायद्याने गळ्यात बांधलेली मान्यताप्राप्त युनियन नको.

लोकांना वाटलं, काढू दोन-चार महिने. हे वाटणं वेडेपणाचं नव्हतं. 1928 साली सहा महिने संप चालला होता आणि लोक टिकले होते. तेव्हा वाण्याने उधारी दिली, कारण त्याचा हिशेब सोपा होता: मालकाला कापड विकायचंय, त्याला हाच कामगार लागणार, गिरणी सुरू होणार आणि वही फिटणार. खोलीवाल्याचाही तोच हिशेब. थोडक्यात, संपाची खरी मुदत युनियनच्या ऑफिसात नाही, वाण्याच्या गल्ल्यावर ठरायची.

1982 ला हा हिशेब चुकला. भिवंडीत आणि इतर ठिकाणी यंत्रमाग धडाधड चालू होते. बाजारात कापडाचा तुटवडा पडला नाही. कित्येक मालकांना गिरणी बंद राहिली तर बरंच होतं. म्हणजे वाणी ज्या भरवशावर उधार देत होता, तो भरवसाच पोकळ होता, आणि हे त्यालाही उशिरा कळलं. सामंतांवरच्या शंभर चर्चांपेक्षा मला ही एक गोष्ट महत्त्वाची वाटते.

पहिला धक्का खानावळींना. जेवणारे पैसे देऊ शकत नाहीत, वाणी नवीन माल देत नाही, आणि बाई मध्ये अडकलेली. बरेच जेवणारे गावाला निघून गेले. गावाला जाणं हा गिरणी कामगाराचा सगळ्यात जुना विमा. कोकणात, घाटावर, थोडी का होईना जमीन, आई-बाप, भाऊ. संपात एसट्या भरून माणसं गेली. पण कोकणातली भातशेती पावसाळ्याचे चार महिने. ज्या घरात दरमहा मनिऑर्डर येत होती, तिथे आता मनिऑर्डर पाठवणाराच ताट घेऊन बसला. किती दिवस गोड वाटणार? भावाभावांतले जमिनीचे वाद या काळात उकरले गेले, हे कुणी सांगायला नको, आपापल्या घरात विचारा.

एक विसंगती सांगतो. याच महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला होता. काम मागेल त्याला काम, देशात दुसरीकडे कुठे असा कायदा नव्हता. पण तो ग्रामीण भागासाठी. परळमध्ये वीस वर्षं साचे चालवलेल्या माणसाचं काम गेलं तर त्याच्यासाठी सरकारकडे काहीही नव्हतं. उलट पगार नाही म्हणजे विम्याचा हप्ता नाही, आणि हप्ता थांबला की पुढे विम्याच्या दवाखान्याचा हक्कही जातो. आजारपण नेमकं तेव्हाच येतं.

मग घर चालवलं कुणी? बायकांनी. धुणीभांडी, दादर-माटुंग्यात स्वयंपाकाची कामं, पापड लाटणं, शिवण, भाजी विकणं, पोळीभाजीचे डबे. नवरा घरात आणि बायको बाहेर, हे दृश्य चाळीत आधी नव्हतं असं नाही, पण आता घरोघर झालं. पुरुष फेरीवाले झाले, वॉचमन झाले, हमाली केली, काहीजण ज्या भिवंडीने गिरणी खाल्ली तिथेच मागावर कमी पैशात उभे राहिले. वडापावच्या गाड्या वाढल्या. पोरं टोळ्यांकडे गेली, ते सिनेमांनी पुरेसं दाखवलंय, मी त्यात जात नाही. मला ती पोरगी जास्त आठवते जिची शाळा सातवीत सुटली, कारण आई कामाला जाते तर धाकट्याला कोण बघणार. तिच्यावर सिनेमा निघाला नाही.

दागिने कधी गेले याचाही एक क्रम होता. आधी भिशी उचलली, मग भांडी गहाण, मग बांगड्या, शेवटी मंगळसूत्रातलं सोनं. काळी पोत राहायची, वाट्या जायच्या.

आणि सगळ्यात शेवटी खोली. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे चाळीतलं भाडं किरकोळ होतं, तेही थकलं तरी लगेच कुणी बाहेर काढत नव्हतं. संपात लोक जे टिकले त्यात या स्वस्त भाड्याचा वाटा फार मोठा, आणि तो कुणी मोजत नाही. पण पागडीमुळे तीच खोली घरातली एकमेव मोठी पुंजी होती. मुलीचं लग्न, आजारपण, थकलेलं देणं, काहीही आलं की खोली काढायची आणि डोंबिवली, नालासोपारा, दिवा गाठायचं. तिथून लालबागला कामाला यायचं म्हटलं तर पहाटेची लोकल. लालबाग-परळचा मराठी माणूस कुठे गेला, असा प्रश्न निवडणुकीत विचारला जातो. उत्तर संपाच्या त्या न फिटलेल्या वह्यांमध्ये सापडेल.

आजच्याशी तुलना करायचा मोह होतो, थोडी करतो. आज नोकरी गेलेल्याकडे वही नाही, ईएमआय आहे. वाण्याला तुमचा बाप माहीत होता, तो दोन महिने गप्प बसायचा, कारण उद्या तुम्हालाच माल विकायचा होता. बँकेचा हप्ता पाच तारखेला कापलाच जातो. गाव? अनेकांचं गावातलं घर पडलंय. उधारी, गाव, स्वस्त भाडं आणि बायकोचे कष्ट, या चारांतलं आज चौथंच तेवढं शिल्लक दिसतं. आणि बायकोही आधीच नोकरीत असेल तर तेही आधीच खर्ची पडलेलं. त्यामुळे "आमच्या आजोबांनी संप काढला, तुम्हाला तीन महिने जमत नाहीत?" असं कुणी नोकरी गेलेल्या पोराला ऐकवत असेल तर कृपया थांबा.

शेवटी एक कामाची गोष्ट. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज लाखाच्या वर आणि मिळालेली घरं काही हजारांत, हे सगळ्यांना माहीत आहे. आता मुंबई सोडून शेलू-वांगणीची नावं घेतली जातात, त्यावर वेगळं लिहीन. पात्रतेला अट आहे ती 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असल्याची. पुरावा म्हणून गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर असलेला कागद, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, विम्याचं कार्ड, असं काहीही उपयोगी पडतं. आजोबा गेले की त्यांची पत्र्याची पेटी पहिली भंगारात जाते. त्याआधी ती उघडून बघा, कागदांचे फोटो काढून ठेवा. आणि पेटीत वाण्याची किंवा खानावळीची वही निघाली तर मला नक्की कळवा. गिरणगावचे कुणी इथे असतील त्यांनी कमेंटमध्ये लिहा, तुमच्या घरात तो महिना कसा निघाला.