दगडाला बिलगणारा ‘मल्या’

राहुरी तालुक्यातून वाहणाऱ्या मुळा नदीची ओळख आज प्रामुख्याने बारागाव नांदूर येथील धरणामुळे आहे. मात्र ही नदी ज्या गोदावरी खोऱ्याचा भाग आहे, तेथील खडकाळ प्रवाहांत एक छोटा मासा पूर्वापार राहत आला आहे. तळाच्या दगडांना ओठाने चिकटून शेवाळ खरवडणारा हा मासा म्हणजे ‘मल्या’. रोहू-कटल्याइतके मोल त्याला बाजारात नाही; परंतु नदीचा तळ कोणत्या अवस्थेत आहे, याची खूण त्याच्या असण्या-नसण्यात दडलेली आहे.

नाव आणि कुळ

मल्याचे शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’ असे आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दख्खनमधील अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना साइक्स यांनी स्थानिक मराठी नावेच स्वीकारली. मल्या हा त्यांपैकीच एक. रोहू आणि मृगळ हे त्याचे दूरचे नातलग होत. शहरांतील मॉलमध्ये ग्राहकांच्या पायांची मृत त्वचा खाणारा ‘डॉक्टर फिश’ हा तर याच ‘गारा’ गटातील, पश्चिम आशियातील मासा आहे.

शरीररचना

मल्याचे शरीर लांबट व गोलसर, तर पोट सपाट असते. पूर्ण वाढ झाल्यावरही तो साधारणतः वीतभरापेक्षा लहानच राहतो. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून खालच्या ओठाची चकतीसारखी रचना झालेली असते. या चकतीच्या आणि आडव्या पसरलेल्या परांच्या आधारे तो वेगवान प्रवाहातही दगडावर टिकून राहतो. शेवाळ, त्यातील सूक्ष्म वनस्पती आणि तळाचा कुजका अंश हे त्याचे अन्न.

अधिवास

मुळा नदी हरिश्चंद्रगड परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, राहुरी असा प्रवास करून नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते. मल्यासारख्या माशांना मानवते ते वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी आणि गोटे-खडकांचा तळ. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, म्हणून दगडांवर शेवाळ वाढते. धरणाच्या संथ व खोल जलाशयात मात्र गाळ बसतो, दगड झाकले जातात आणि खरवडण्याजोगा थर नाहीसा होतो. सुमारे २६ टीएमसी क्षमतेचे मुळा धरण सिंचनासाठी वरदान ठरले असले, तरी प्रवाहात राहणाऱ्या जलचरांसाठी त्याच्या फुगवट्याचे पाणी हे वेगळेच जग आहे. धरणाखालील पात्र वर्षातील बराच काळ कोरडे राहिले किंवा वाळूउपशाने खोल खड्डे पडून तळ गढूळ झाला, तरी परिणाम तोच होतो.

परदेशी ‘सकर’

मल्याची गल्लत ‘सकर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशाशी करू नये. काचेच्या टाकीतील शेवाळ साफ करण्यासाठी पाळला जाणारा तो मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. त्याच्या अंगावर हाडांच्या कठीण पट्ट्यांचे चिलखत असते आणि कमी प्राणवायूच्या, प्रदूषित पाण्यातही तो तग धरतो. हौशी लोकांनी टाकीतून बाहेर सोडलेले असे मासे देशातील अनेक जलाशयांत पसरले असून भीमा नदीवरील उजनी जलाशयातही ते आढळले आहेत. त्यांच्या काटेरी परांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात, तर काठाच्या मातीत ते बिळे करतात.

दोघेही तळाशी राहणारे, दोघेही ओठाने चिकटणारे. परंतु एकाला स्वच्छ प्रवाह लागतो, तर दुसऱ्याला बिघडलेले पाणीही चालते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मल्याची नोंद ‘अल्प चिंता’ या गटात आहे. त्यामुळे प्रश्न प्रजाती नष्ट होण्याचा नाही; एखाद्या नदीच्या विशिष्ट टप्प्यातून ती निघून जाण्याचा आहे. पाळीव मासा नदीत न सोडणे आणि पात्रातील दगड व प्रवाह राखणे, एवढे झाले तरी मल्याला त्याचे घर उरेल.